पाटीवरची मजुरी

शेवटी शेड विकली गेली, दोघा भावांचं बोलणं तुटलं, आणि गाडी घेतली ती अशा माणसाने, ज्याला गाडी चालवताच येत नव्हती. यातलं काहीही झालेलं नाही. निदान त्या घरात तसं कोणी बोलून दाखवत नाही, तेव्हा आपणही झालं नाही असंच धरून चालू. रविवारची दुपार आहे, सगळे टीव्हीसमोर जमलेत, शेड अजून घरचीच आहे आणि सासूबाईंनी रिमोट मांडीखाली घेतला आहे.

थोरली सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिथून टीव्हीही दिसायचा आणि माणसंही. येणारा प्रत्येक जण तिला ‘बस की’ म्हणत होता आणि सरकून जागा कोणीच करत नव्हतं. या घरात आल्यापासून तिला हे दार चौकटीसकट पाठ झालं होतं.

गाडीला घरात ‘म्हातारी’ म्हणत. सासूबाईंना तसं कोणी म्हणत नसे, निदान तोंडावर. सासऱ्यांनी लग्नाआधी हौसेने घेतलेली ती गाडी पुढे शेडच्या मागे जाऊन उभी राहिली ती उभीच. मागच्या सीटमधून एक झाड उगवलं. सासरे त्याला रोज पाणी घालायचे. गाडीकडे बघायला त्यांना आयुष्यात सवड झाली नाही, पण झाडाची आबाळ त्यांनी कधी केली नाही. ते गेले तेव्हा मागे शेड राहिली, गाडी राहिली, झाड राहिलं आणि दोन मुलगे राहिले. झाडावरून भांडण झालं नाही.

भांडण शेडवरून होतं. थोरला मिसरूड फुटण्याआधीपासून तिथे डेंटिंग-पेंटिंग करत होता. ठोकलेली गाडी आणून टाका, हा पत्रा असा सरळ करून द्यायचा की गाडीलाही अपघात आठवू नये. त्याला शेडशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नव्हतंही. धाकटा नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीला होता. त्याने फ्लॅट नोंदवून ठेवला होता आणि शेडमधला आपला अर्धा हिस्सा त्याला रोख हवा होता. थोरल्याकडे रोख म्हणून जे काही असायचं ते रंगाच्या डब्यांत असायचं.

यावर तोडगा काढला सासूबाईंनी, आणि तो त्यांनाच सुचू शकत होता. त्यांचा एक कार्यक्रम होता, ‘गंजावर मात’. त्यात दर आठवड्याला एक सडकी गाडी यायची आणि नवरीसारखी होऊन जायची. मिशाळ सूत्रसंचालकाच्या हातात कायम हातोडी असायची. त्या हातोडीने त्याने आजवर काहीही ठोकलं नव्हतं. घरात त्याला हातोडीवाला म्हणत. शेवटी एक काळी पाटी यायची. तिच्यावर गाडीची किंमत, सुटे भाग, रंग, मजुरी, एकेक ओळ खडूने उमटायची आणि प्रत्येक ओळीला घंटा वाजायची. मग विक्री, मग नफा, मग मोठी घंटा. सासूबाईंचा त्या पाटीवर जेवढा विश्वास होता तेवढा नवऱ्याच्या शब्दावरही कधी नव्हता.

तर ठरलं असं. धाकट्याची त्या कार्यक्रमवाल्यांत ओळख निघाली होती. म्हातारीला तिकडे द्यायची. सुटे भाग ते आणणार, काम थोरल्याने आपल्या शेडमध्ये करायचं, गाडी लिलावात जाणार, नफा त्यांचा. पाटीवर थोरल्याची जी मजुरी लागेल, तिच्यातून धाकट्याचा शेडमधला हिस्सा वळता करायचा. मजुरी पुरली तर शेड थोरल्याची. नाही पुरली तर शेड विकून दोघांनी निम्मं निम्मं घ्यायचं. पाटी काय म्हणेल त्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. सासूबाईंनी दोघांकडून तसा शब्द घेतला.

थोरल्याने लगेच दिला. त्याचा विचार साधा होता: आपलं काम कॅमेरा बघणार आहे, आणि कॅमेऱ्याला काय नातेवाईक आहेत? धाकट्यानेही लगेच दिला. त्याचा विचार त्याने कोणाला सांगितला नाही.

थोरलीला तेव्हा बोलायला हवं होतं, असं नणंदबाई, म्हणजे दोघा भावांच्या ताई, नंतर कितीतरी वेळा म्हणाल्या. ती दारात उभी राहून कार्यक्रम बघतच होती की. पाटीवर ‘मजुरी’च्या पुढे काय असतं याचा तिने कधी नीट विचार केला नव्हता. तिथे दर वेळी ‘मित्रमंडळी’ नाहीतर ‘घरचीच’ असं काहीतरी असायचं. ते वाचून तिला वाटायचं, पैसे मागाहून देत असतील. एवढी धडधाकट माणसं फुकट कशाला राबतील?

आणि थोरला राबला. वर्षभर राबला. झाड कापताना त्याचा हात थांबला होता, तेवढाच. बाकी गिऱ्हाइकांच्या गाड्या त्याने परत पाठवल्या, एक टेम्पो तेवढा कोपऱ्यात ठेवून घेतला. घर चाललं ते थोरली एका दाताच्या दवाखान्यात नंबर लावायला बसायची त्याच्यावर. गाडीच्या तळाचा पत्रा कुजून गेला होता, तो त्याने अख्खा नवा बनवला. दरवाजे कुठे मिळेनात, तर कुठूनसा एक मिळवून त्याच्यावरून बाकीचे घडवले. पत्र्यावरचे खड्डे बुजवायला पुट्टी लावायची, घासायची, बोट फिरवायचं, पुन्हा लावायची. रात्री जेवताना तो ताटाच्या कडेवरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, इथे जरा उंच आहे.

कॅमेरा त्या वर्षात दोनदा आला.

*

ताईंनी सकाळी फोन करून थोरलीला सांगितलं होतं की मी तुमच्या बाजूने आहे, तू काळजी करू नकोस. दुपारी मात्र त्या धाकट्याच्या गाडीतून उतरल्या, आणि तेही पुढच्या सीटवरून. मागे धाकटी मांडीवर केकचा खोका घेऊन बसली होती. थोरलीने ते खिडकीतून पाहिलं आणि चहात साखर कमी घातली. बाकी तिच्या हातात काय होतं?

थोरला सगळ्यात शेवटी आला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसला. हात धुतले होते, पण नखांतला निळा रंग आता धुण्याने जाणारा नव्हता. म्हातारीचा निळा. तो रंग जुळवायला त्याने सोळा डबे वाया घालवले होते.

“दादा, तू हा कार्यक्रम कधी बघितला नाहीस ना?” धाकट्याने विचारलं.

“काम असायचं,” थोरला म्हणाला.

“मज्जा येते,” धाकटा म्हणाला आणि मोबाइलकडे बघू लागला.

कार्यक्रम सुरू झाला. हातोडीवाला हातोडी खांद्यावर टाकून शेडमध्ये शिरला आणि म्हणाला की या काळोखात एक स्वप्न गंजत पडलं आहे. शेडमध्ये दोन ट्यूबलाइट होत्या. त्या त्याच्याच माणसांनी बंद करायला लावल्या होत्या. मग धाकटा दिसला. ‘गाडीचे वारस’ असं त्याच्याखाली लिहिलेलं होतं. तो छान बोलला. शोरूममध्ये दिवसभर तेच तर करतो. बाबा, बालपण, इंजिनाचा आवाज. म्हातारीचं इंजिन तो जन्मला त्याच्या आधीच बंद पडलं होतं, पण आवाजाचं वर्णन त्याने उत्तम केलं. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मग तो गाडीत बसून रडला. थोरलीला ते चित्रीकरण आठवत होतं. तो चार वेळा रडला होता आणि चारही वेळा दिग्दर्शकाला ते पटलं नव्हतं. पाचव्यांदा त्याला सांगितलं की आता नीट झालं नाही तर उद्या पुन्हा यावं लागेल. तेव्हा तो मनापासून रडला.

थोरल्याचे फक्त हात दिसले. पत्रा ठोकणारे, पुट्टी ओढणारे, घासणारे. हात फार सुरेख दिसले, त्यांच्यावर एका बाजूने उजेड टाकला होता. खाली नाव नव्हतं. हातांना नाव कोण देतं?

“तुझेच ना रे?” ताईंनी विचारलं.

“माझेच,” थोरला म्हणाला आणि हात स्टुलाखाली घेतले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इतकं शब्दशः कोणाच्या वाट्याला आलं नसेल.

वर्ष एका गाण्यात संपलं. सासूबाईंनी बिस्किट चहात बुडवलं तेव्हा गाडीला दरवाजे नव्हते, आणि बिस्किट तोंडापर्यंत गेलं तेव्हा गाडी चकाकत होती. हातोडीवाला म्हणाला, “तीन आठवड्यांची अविश्रांत मेहनत!”

थोरली दारातून आत आली.  थोरल्याने एवढंच विचारलं की कसले तीन आठवडे. धाकट्याने समजूत घातली की तसं म्हणावं लागतं, दादा, बघणाऱ्याला धीर नसतो.

जाहिराती लागल्या. साबण, विमा, पुन्हा साबण. त्या वेळात सासूबाई म्हणाल्या की रंग शोभतो. एवढं एकच वाक्य त्या दिवशी थोरल्याच्या पदरात पडलं, आणि तेही गाडीबद्दल होतं.

मग पाटी आली.

गाडीची किंमत: वडिलोपार्जित. घंटा. सुटे भाग, आकडा, घंटा. रंग, आकडा, घंटा. तो आकडा एकाच डब्याचा होता. मग ‘मजुरी’ हा शब्द सावकाश उमटला आणि त्याच्यापुढे, वळणदार अक्षरात: ‘कुटुंबाचं प्रेम’. शेजारी एक बदाम काढला. घंटा.

पुढे विक्रीचा आकडा आला, नफा आला, मोठी घंटा झाली, वरून चमकी पडली. ते कोणी पाहिलंच नाही.

धाकटीने केकचा खोका उघडायला घेतला होता, तो तसाच हातात राहिला. पहिल्यांदा बोलल्या त्या ताई. त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं, “प्रेमाचे किती धरायचे?”

हा प्रश्न तेव्हा कोणालाही हास्यास्पद वाटला नाही. या घरात शब्द म्हणजे शब्द, आणि शब्द पाटीचा होता. धाकटा म्हणाला की प्रेम आहे हे तर आपण सगळेच मानतो, पण त्याला बाजारभाव नाही, म्हणजे शून्य. थोरली म्हणाली की हे चुकून लिहिलेलं आहे. धाकट्याने शांतपणे तिला आठवण करून दिली की पाटी चुकली असं म्हणायचं नाही, असं आईने आधीच ठरवून घेतलंय.

“भाऊजी, वर्षभर तुमच्या दादांनी एक पैसा घरात आणला नाही,” थोरली म्हणाली. “ते प्रेम दळून आम्ही पोळ्या केल्या का?”

“वहिनी, मी कुठे म्हणतो दादाने काम केलं नाही? पण नीट वाचा. ‘कुटुंबाचं’ लिहिलंय. म्हणजे एकट्या दादाचं नाही. माझंही आहे, आईचं आहे, ताईचं आहे.”

ताई सावरून बसल्या. आपलं प्रेम गाडीला लागलंय हे त्यांना आत्ताच कळत होतं, पण कळल्यावर ते सोडवेना. त्या म्हणाल्या की तसं बघितलं तर लहानपणी त्या गाडीच्या टपावर बसून त्यांनीच अभ्यास केला होता.

अशा रीतीने थोरल्याची मजुरी आधी शून्य झाली आणि मग त्या शून्याची वाटणी सुरू झाली. एकदा तर धाकटा आणि ताई यांच्यात वाट्यावरून बाचाबाचीही झाली. ताईंचं म्हणणं, लेकीलाही समान वाटा हवा.

मधेच धाकटी बोलली. ती रुग्णालयात परिचारिका होती आणि कमी बोलायची. “तुम्ही गाडीला हात कधी लावलात?” तिने नवऱ्याला विचारलं. “आत बसून रडलात, तेवढाच.”

खोलीत एकदम हवा खेळल्यासारखं झालं. थोरलीने जावेकडे पाहिलं. तिच्या बाजूने या घरात कोणी बोललेलं तिच्या कानांना ओळखू येईना. पण धाकटा सौम्यपणे एवढंच म्हणाला की फ्लॅटचा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. धाकटीने खोक्याकडे पाहिलं, आणि केक कापायला लागली. तुकडे सारखे झाले. सगळ्यात सारखी वाटणी त्या दिवशी तीच झाली.

तेवढ्यात थोरल्याचा फोन वाजला. शेडच्या कोपऱ्यात ज्याचा टेम्पो उभा होता तो टेम्पोवाला. त्याचा आवाज असा की स्पीकर लावायची गरज नव्हती. तो म्हणाला की आत्ताच कार्यक्रम पाहिला, हात बघताक्षणी ओळखले, डोळ्यांत पाणी आलं. थोरला म्हणाला, बरं. टेम्पोवाला म्हणाला की एक विचारायचं होतं. माझ्या बिलात तुम्ही मजुरी लावलीय.

“लावलीय.”

“पण अख्खी गाडी तुम्ही तीन आठवड्यांत प्रेमाने केलीत. माझा तर नुसता एक दरवाजा आहे.”

थोरल्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, “त्या गाडीला वर्ष लागलं.”

“टीव्हीवर खोटं दाखवतात का?” टेम्पोवाल्याने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

सगळे थोरल्याकडे बघत होते. हो म्हणावं तर पाटी खोटी ठरते, आणि पाटी खोटी नाही असा शब्द आईला दिलेला. नाही म्हणावं तर उद्यापासून जो येईल तो प्रेमाने काम करून मागणार. सासूबाईंचा हात रिमोटवर घट्ट झाला.

“टेम्पो घेऊन जा,” थोरला म्हणाला. “मजुरी देऊ नका.” आणि फोन खिशात ठेवला.

मग तो धाकट्याकडे वळला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने भावाकडे सरळ बघितलं. “तुला ठाऊक होतं. मजुरी धरत नाहीत ते.”

धाकटा खोटं बोलला नाही, हे त्याच्याबाबतीत सांगायलाच हवं. “दादा, मजुरी धरली तर एकही गाडी फायद्यात निघणार नाही. मग तो कार्यक्रम कोण बघेल? मी सगळे भाग बघितलेत. तू एकही बघितला नाहीस, त्याला मी काय करू?”

“काम असायचं,” थोरला पुन्हा म्हणाला.

थोरली सासूबाईंच्या पायाशी जाऊन बसली. या घरात तिने आजवर मागितलं असेल तर कपबशा मागितल्या होत्या. ती म्हणाली, “आई, शब्द तुमचा आहे. मागे घ्यायचा तर तुम्हीच घेऊ शकता. ती शेड गेली तर यांनी जायचं कुठे?”

सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. टीव्हीकडे बघत, अगदी मायेने, त्या म्हणाल्या, “अगं, पाटीवर काय वाईट लिहिलंय? प्रेमच लिहिलंय ना? लोक तरसतात त्याला.” मग त्यांनी मांडीखालचा रिमोट काढला आणि आवाज वाढवला. पुढच्या आठवड्यात एक ट्रॅक्टर होता.

ताई म्हणाल्या की झालं ते झालं, केक खा. सगळ्यांनी केक खाल्ला. धाकट्याने थोरल्याला बशी नेऊन दिली आणि थोरल्याने घेतली. कोणी बाहेरून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, केवढं प्रेमाचं कुटुंब. आणि ते त्याला पाटीवरही वाचायला मिळालं असतं.

*

संध्याकाळी थोरली शेडमध्ये गेली. थोरला रिकाम्या जागेत बसला होता, जिथे वर्षभर म्हातारी होती. फरशीवर तिच्या आकाराचा कोरडा चौकोन राहिला होता आणि भोवताली निळे थेंब. झाडाचा कापलेला बुंधा मागच्या भिंतीशी होता. त्याला बाजूने एक हिरवं पान फुटलं होतं. पाणी कोण घालत होतं, ते थोरलीने विचारलं नाही. कोपऱ्यातल्या डब्याला खाली निळा रंग लागला होता आणि आत पाणी होतं.

“तुमच्या डोळ्यांसमोर फसवलं, आणि तुम्ही केक खाल्लात,” ती म्हणाली.

“शब्द दिला होता.”

“भाऊजींनीही दिला होता.”

“त्याने पाळला,” थोरला म्हणाला. “तोच तर त्रास आहे.”

तिला रडायला आलं नाही, राग आला, आणि रागाने तिचं डोकं नेहमीच नीट चालायचं. ती म्हणाली की कार्यक्रमवाल्यांना अर्ज लिहू. दवाखान्यात ती दिवसभर लोकांच्या तक्रारी लिहून घेते, असली भाषा तिला पाठ होती. मजुरी मागू. नाहीतर निदान तीन सेकंद तरी खरा आकडा दाखवा म्हणू. थोरला म्हणाला, “लिही. मी सांगतो.”

तिने मोबाइल काढला. तो सांगत गेला आणि ती भाषा बसवत गेली. मधे एकदा ती थांबली, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुढे लिहीत राहिली. शेवटची ओळ त्याने स्वतः सांगितली. तिच्यात तिने काही बदललं नाही.

प्रति,
मा. निर्माते, ‘गंजावर मात’

विषय: गाडी पूर्ववत गंजलेल्या स्थितीत परत मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करण्यात येतो की, आपल्या कार्यक्रमात दुरुस्त झालेली निळ्या रंगाची गाडी आमच्या कुटुंबाची असून तिच्यावर कुटुंबाचे प्रेम झाल्याचे आपण जाहीर केले आहे. सदर प्रेम आम्हास परवडलेले नाही. तरी सदर गाडी तिच्या मूळ स्थितीत, म्हणजे कुजलेला तळ, नसलेले दरवाजे व मागील सीटमधील झाड यांसह, शेडच्या मागे होती त्या जागी आणून उभी करण्यात यावी. सोबत वापरलेले एक वर्ष जोडावे. तसेच अर्जदाराचा भाऊ पाचव्या वेळी रडण्यापूर्वी ज्या स्थितीत होता त्या स्थितीत परत मिळावा. या कामी होणारा सर्व खर्च अर्जदार देण्यास तयार आहे. मजुरी तेवढी प्रेमात धरावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
कार्यक्रमात दिसलेले हात